155वी फेरी

26 ऑक्टोबर 1979. न्यूयॉर्कला ईस्ट नदीकाठच्या इमारतीत, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, एका लहान देशाचे प्रतिनिधी म्हणून तुम्ही बसला आहात. समोर हिरव्या संगमरवरी व्यासपीठावर टांझानियाचे सलीम अहमद सलीम अध्यक्ष आहेत. हातात मतपत्रिका येते. देशाचं नाव स्वतःच्या हातानं लिहायचं, घडी घालायची, पेटीत टाकायची. सही नाही.

सुरक्षा परिषदेच्या दहा अस्थायी जागांपैकी पाच दरवर्षी रिकाम्या होतात. पूर्व जर्मनी, नायजर, फिलिपिन्स, ट्युनिशिया यांची निवड होते. बोलिव्हियानं रिकामी केलेली, लॅटिन अमेरिकेच्या वाट्याची जागा मात्र अडते. लॅटिन अमेरिकेनं आपसात एकच नाव ठरवलं असतं, तर प्रश्नच नव्हता. पण क्यूबाही हटत नाही आणि कोलंबियाही. क्यूबा पुढे आहे, तरी दोन-तृतीयांश मतं जमत नाहीत. ही अट मला मनापासून पटते. युद्ध की शांतता हे जिथे ठरतं, तिथे काठावरच्या बहुमतानं कुणी बसू नये.

पुन्हा चिठ्ठी, पुन्हा मोजणी. नोव्हेंबर जातो. बाहेर कॉफी घेताना कुणी जवळ येऊन हलकेच विचारतं, ‘या वेळी आम्हाला द्या, पुढच्या वेळी आमचं मत तुम्हाला.’ तुम्ही मान हलवता. आत गेल्यावर कागदावर काय लिहिलंत, ते तुम्हालाच ठाऊक.

नाताळच्या सुमारास सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरतात. क्यूबा त्या वर्षी अलिप्त राष्ट्रांचा अध्यक्ष, आणि मॉस्कोचा जिवलग मित्रही. ज्या देशावर रणगाडे चालून गेले, तोही अलिप्तच. कालपर्यंत क्यूबाचं नाव लिहिणारे हात थबकतात. 1 जानेवारी उजाडते, तेव्हा परिषदेत चौदाच सदस्य असतात.

7 जानेवारी 1980. क्यूबा आणि कोलंबिया दोघंही मागे सरलेत. 155व्या फेरीची चिठ्ठी तुमच्यापुढे आहे. अडीच महिने एकाच नावाची सवय झालेला हात जरा अडखळतो, मग लिहितो : मेक्सिको. घडी नीट घाला. परिषदेत अफगाणिस्तानवर चर्चा सुरू आहे, आणि पंधरावी खुर्ची अजून रिकामी आहे.