‘सिटिझन केन’ आणि निराश प्रेक्षक

जगांतील सर्वश्रेष्ठ चित्रपट असा ज्याचा लौकिक वर्षानुवर्षें कानांवर पडलेला असतो, तो ‘सिटिझन केन’ अखेर पाहावयास मिळाला म्हणजे पुष्कळ प्रेक्षकांची स्थिति मोठी चमत्कारिक होते. दोन तासांचें चित्र संपतें, दिवे लागतात, आणि शेजारच्या मनुष्यास काय सांगावें हें सुचत नाहीं. चित्र वाईट आहे असें म्हणवत नाहीं. पण ज्याच्यासाठीं एवढा गाजावाजा झाला तें यांत नेमकें कोठें होतें, हा प्रश्नहि मनांतून जात नाहीं. ‘नांव मोठें, लक्षण खोटें’ ही म्हण ओठांवर येते आणि तेथेंच अडते. कारण इतक्या जाणत्यांनीं वाखाणलेली वस्तु रुचली नाहीं, तर उणीव पाहणाराच्या दृष्टींतच असली पाहिजे, ही शंका त्याच क्षणीं उभी राहते. या शंकेचें निरसन तर्कापेक्षां इतिहासानें अधिक चांगलें होतें. कारण ‘सिटिझन केन’ पाहून निराश झालेला प्रेक्षक कांहीं काल-परवां जन्मास आलेला नाहीं. तो त्या चित्रपटाइतकाच जुना आहे, आणि त्याच्या पंगतीस बसलेलीं माणसें सामान्य नाहींत.

‘सिटिझन केन’चा कर्ता ऑर्सन वेल्स हा मूळचा रंगभूमीचा आणि नभोवाणीचा. मंगळावरील प्राण्यांनीं पृथ्वीवर केलेल्या स्वारीची एच. जी. वेल्स यांची कादंबरी त्यानें १९३८ च्या ऑक्टोबरांत अमेरिकन नभोवाणीवर अशा थाटांत सादर केली कीं, तें खरेंच वार्तापत्र आहे असें समजून कांहीं श्रोते घाबरून गेले. पुढील वर्षीं आर. के. ओ. या चित्रसंस्थेनें त्याच्याशीं करार केला. त्या वेळीं त्याचें वय अवघें चोवीस वर्षांचें. चित्रपटसृष्टींत नवख्या असलेल्या या तरुणास जें स्वातंत्र्य मिळालें, तें हॉलीवूडमधील मुरलेल्या दिग्दर्शकांच्याहि वांट्यास क्वचितच येत असे. पटकथा त्यानें हर्मन मँकिविट्झ यांच्याबरोबर सिद्ध केली. छायाचित्रणासाठीं ग्रेग टोलंड आणि संगीतासाठीं बर्नार्ड हर्मन असे कसलेले सहकारी त्यास लाभले. चार्ल्स फॉस्टर केन नांवाचा वृत्तपत्रांचा धनाढ्य मालक मरतांना एकच शब्द उच्चारतो. त्या शब्दाचा उलगडा करण्यासाठीं एक वार्ताहर त्याच्या परिचितांना भेटत हिंडतो, आणि प्रत्येकाच्या आठवणींतून निराळाच केन उभा राहतो. कथानक म्हणून एवढेंच.

नवलाई होती ती सांगण्याच्या रीतींत. केनच्या बालपणाच्या प्रसंगांत आई टेबलाशीं बसून मुलाला दुसऱ्याच्या हवालीं करण्याच्या कागदावर सही करते; मागें असहाय बाप उभा आहे; आणि त्याच्याहि मागें, खिडकीच्या चौकटीपलीकडे, तो मुलगा बर्फांत खेळत आहे. जवळचें, मधलें आणि दूरचें अशीं तीनहि दृश्यें पडद्यावर सारखींच रेखीव दिसतात. चित्रपटासाठीं बांधलेल्या खोल्यांना तोंवर बहुधा छत नसे, कारण दिवे आणि ध्वनिग्राहक यंत्रें वरून सोडावीं लागत. वेल्स व टोलंड यांनीं तलम कापडाचीं छतें ताणून कॅमेरा जमिनीलगत नेला, आणि पात्रांच्या डोक्यावर आढें दिसूं लागलें. केनच्या पहिल्या विवाहाचीं अनेक वर्षें न्याहारीच्या एकाच मेजावर दोन-तीन मिनिटांत आटोपतात. आरंभीं सलगीनें बोलणारें जोडपें अखेरीस एकमेकांसमोर मुकाट्यानें वृत्तपत्रें वाचीत बसलेलें दिसतें. यांतील प्रत्येक युक्ति वेल्सनेंच प्रथम शोधून काढली असें नव्हे. पण एवढ्या साऱ्या युक्त्या एका ठिकाणीं आणि एका हेतूनें योजलेल्या प्रेक्षकांनीं पूर्वीं फारशा पाहिल्या नव्हत्या.

१ मे १९४१ रोजीं न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरमध्यें चित्रपट प्रथम दाखविण्यांत आला. तत्पूर्वींच त्याच्यावर संकट कोसळलें होतें. केनचें पात्र विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या प्रबळ वृत्तपत्रमालकावर बेतलेलें आहे अशी बोलवा झाली, आणि हर्स्टच्या पत्रांनीं चित्रपटाची जाहिरातहि घेण्याचें नाकारलें. मूळ चित्रफीत जाळून टाकण्यासाठीं सुमारे आठ लक्ष डॉलर देण्याची तयारी चित्रव्यवसायांतील कांहीं बड्या मंडळींनीं दाखविली, आर. के. ओ. नें ती मान्य केली नाहीं. न्यूयॉर्कच्या समीक्षकांच्या मंडळानें त्यास त्या वर्षाचा उत्कृष्ट चित्रपट ठरविलें. तथापि अनेक चित्रगृहांनीं तो लावला नाहीं, आणि जेथें लागला तेथेंहि सामान्य प्रेक्षकांची गर्दी टिकली नाहीं. संस्थेस दीड लक्ष डॉलरच्या आसपास तोटा आला. अकादमीच्या पारितोषिकांसाठीं नऊ विभागांत त्याचें नांव होतें. मिळालें तें एक, पटकथेचें.

आतां निराश झालेल्यांकडे वळावें. १९४१ मध्येंच अर्जेंटिनाचा थोर लेखक होर्हे लुइस बोर्हेस यानें ब्वेनोस आयरेस येथील ‘सुर’ या मासिकांत या चित्रपटाचें परीक्षण लिहिलें. त्याच्या रचनेची त्यानें वाखाणणी केली. पण ती मध्यबिंदु नसलेल्या चक्रव्यूहासारखी आहे असा अभिप्राय देऊन, अवाढव्यपणा, पांडित्याचा सोस आणि कंटाळवाणेपणा हे दोषहि त्यानें निःसंकोचपणें दाखविले. हा चित्रपट टिकेल, पण ज्यांचें ऐतिहासिक महत्त्व सारे मानतात आणि पुन्हां पाहावयास मात्र कोणी तयार नसतो अशा चित्रपटांप्रमाणें टिकेल, असें त्याचें भाकीत होतें. दुसरा मोठा मनुष्य म्हणजे झां-पॉल सार्त्र. युद्धामुळें फ्रान्समध्यें हा चित्रपट १९४६ पर्यंत आला नव्हता. सार्त्रनें तो त्यापूर्वींच अमेरिकेंत पाहिला आणि १९४५ च्या ऑगस्टांत पॅरिसच्या एका चित्रपटविषयक पत्रांत त्यावर लेख लिहिला. सर्व कांहीं घडून गेलेलें, प्रत्येक गोष्ट आधींच विश्लेषण करून मांडलेली, अशा या बुद्धिप्रधान चित्रांत घटना घडत असल्याचा अनुभव येत नाहीं, हा त्याचा आक्षेप. फ्रेंच दिग्दर्शकांनीं हा कित्ता गिरवूं नये, असा त्याचा निष्कर्ष होता.

यास उत्तर दिलें तें आंद्रे बाझें या तरुण समीक्षकानें. १९४७ मधील त्याचा लेख खुद्द सार्त्रच्याच ‘ले तां मोदेर्न’ या नियतकालिकांत छापला गेला, ही गोष्ट दोघांनाहि भूषणावह आहे. बाझेंनें वेल्सच्या नांवाचा किंवा कोणाच्या अधिकाराचा आधार घेतला नाहीं. तो एकेका दृश्याकडे बोट दाखवीत गेला. त्याचें म्हणणें असें कीं, दृश्याचे तुकडे पाडून दिग्दर्शक जेव्हां एकेक गोष्ट मोठी करून दाखवितो, तेव्हां काय पाहावें हें तोच ठरवितो. परंतु जेथें जवळचें व दूरचें सारखेंच स्पष्ट असतें, तेथें नजर कोठें ठेवावी हें ठरविण्याचा कांहीं अधिकार प्रेक्षकाकडे येतो. आई, बाप आणि बर्फांतला मुलगा यांपैकीं कोणाकडे पाहावयाचें, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

तरीहि मुकुट लगेच मिळाला नाहीं. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकानें १९५२ सालीं समीक्षकांचीं मतें मागवून दहा श्रेष्ठ चित्रपटांची यादी प्रथम केली, तेव्हां अग्रस्थान विट्टोरियो डी सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ला मिळालें आणि ‘सिटिझन केन’ दहांतहि नव्हता. १९५६ पासून तो अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर आणि चित्रगृहांत पुन्हां दिसूं लागला. फ्रान्समध्यें बाझेंचे शिष्य त्याचा घोष करीत होते. १९६२ च्या यादींत तो पहिला आला, आणि दर दहा वर्षांनीं होणाऱ्या या मतदानांत २००२ पर्यंत सलग पांच वेळां पहिलाच राहिला. २०१२ मध्यें त्याची जागा आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’नें घेतली. हा ‘व्हर्टिगो’ १९५८ सालीं कांहींशा थंडपणेंच स्वीकारला गेला होता. मध्यंतरीं कित्येक वर्षें तो दाखविलाहि जात नव्हता, आणि १९८३ सालीं पुन्हां पडद्यावर आला. २०२२ मध्यें सोळाशेंहून अधिक समीक्षकांनीं शांताल आकेरमान हिचा १९७५ चा ‘झान दिएलमान’ पहिला ठरविला, आणि ‘सिटिझन केन’ तिसरा आला. अन्तोनिओनीच्या ‘लाव्हेन्तुरा’ची १९६० सालीं कान येथें प्रेक्षकांनीं टर उडविली, दोनच वर्षांनीं तो या यादींत दुसरा होता, आणि १९९२ मध्यें पहिल्या दहांतून गेलेला होता. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ १९९२ च्या दहांत होता, २००२ च्या दहांत नव्हता. या काळांत त्यांतील एका चित्राचीहि चौकट बदलली नव्हती. बदलले ते पाहणारे, त्यांची संख्या आणि त्यांची भूक.

म्हणून प्रेक्षकाच्या निराशेचीं कारणें वेगवेगळीं करून पाहिलीं पाहिजेत. पहिलें कारण असें कीं, विजयी झालेली नवलाई अदृश्य होते. खोल दृश्यें, छतें, आठवणींतून उलगडणारी कथा हीं सारीं पुढें इतरांनीं इतकीं उचललीं कीं, तीं ज्यानें शेंकडों चित्रपटांत आधींच पाहिलीं आहेत, त्याला मूळ चित्रच उसनवारीचें वाटतें. ही निराशा थोड्या माहितीनें दूर होऊं शकते. दुसरें कारण निराळें आहे. केनविषयीं जिव्हाळा वाटत नाहीं, चित्र मनाला भिडत नाहीं, ही तक्रार कोणत्याहि माहितीनें मिटत नाहीं. ती बोर्हेसची आणि सार्त्रची तक्रार आहे, आणि ज्याला ती प्रामाणिकपणें वाटते त्यानें ती लपविण्याचें कारण नाहीं. तिसरें कारण त्या मुकुटाचें. प्रत्येक दृश्यांत सर्वश्रेष्ठतेची खूण शोधीत बसलेला प्रेक्षक समोर चाललेलें चित्र पाहतच नसतो. पाहणाराच्या नजरेस मोकळीक दिली म्हणून ज्या चित्राचें बाझेंनें कौतुक केलें, त्याच चित्राच्या कीर्तीनें ती मोकळीक हिरावून घ्यावी, हा त्याच्या इतिहासांतील मोठा विपर्यास होय.

त्यावर उपायहि त्या इतिहासांतच आहे. सार्त्रनें आपली निराशा कारणांसह मांडली, आणि बाझेंनें तिचें उत्तर दृश्यांच्या आधारानें दिलें. मान डोलावून गप्प बसणें किंवा ‘टाकाऊ’ म्हणून मोकळें होणें, या दोहोंपेक्षां हा मार्ग कठीण आहे. पण अभिरुचि वाढते ती याच मार्गानें. चित्रपटांतील तो वार्ताहर अखेरपर्यंत हिंडतो, सर्वांच्या आठवणी ऐकतो, आणि त्या एका शब्दाचा अर्थ त्याला सांपडत नाहीं. सांपडतो तो फक्त प्रेक्षकाला, आणि तोहि शेवटच्या दृश्यापर्यंत डोळे उघडे ठेवून बसलेल्या प्रेक्षकाला.