साहित्याच्या तासातील चित्र : इंग्लंडमधील माध्यमिक वर्गाचे एक अर्धशतक

समीक्षेचा इतिहास सामान्यतः समीक्षकांच्या ग्रंथांवरून लिहिला जातो. एखादी वाङ्मयीन भूमिका शाळेत पोचते तेव्हा तिला स्वाध्यायाचे रूप घ्यावे लागते. परंतु स्वाध्याय हा प्रकार समीक्षेच्या इतिहासकाराला फारसा दखलपात्र वाटत नाही. वस्तुतः एखाद्या सिद्धान्ताने वाचकाविषयी काय गृहीत धरले आहे, हे त्याच्या विवेचनापेक्षा त्याने विद्यार्थ्याला घातलेल्या प्रश्नातून अधिक स्पष्ट होते. ग्रंथाचा वाचक कल्पित असतो. स्वाध्याय सोडवणारा विद्यार्थी मात्र स्वतःच्या आवडीनिवडी घेऊन समोर बसलेला असतो. इंग्लंडमधील माध्यमिक शाळांत १९३३ ते १९८५ या काळात जाहिरात, छायाचित्र, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांना साहित्याच्या तासाला ज्या क्रमाने प्रवेश मिळाला, तो क्रम या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. या अर्धशतकात चित्र आधी प्रतिपक्ष म्हणून, नंतर प्रेरक म्हणून आणि अखेरीस संहिता म्हणून वर्गात आले. या तीन भूमिका परस्परविरोधी मानल्या जातात. त्यांचे स्वाध्याय शेजारी शेजारी ठेवले, तर त्यांच्यातील एक सातत्य ध्यानात येते आणि ते नेमके कोठे खंडित झाले, हेही कळते.

आरंभ केंब्रिजमध्ये झाला. आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता वाचावयास दिल्या, त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले आणि तेरा कवितांवरील अशा अभिप्रायांचे विश्लेषण १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात मांडले. सुशिक्षित वाचकही कवीच्या नावाचा आधार सुटताच कसा चाचपडतो, हे त्या ग्रंथाने दाखवून दिले. या पद्धतीला शालेय वळण देण्याचे काम एफ. आर. लीविस आणि शाळाशिक्षक डेनिस थॉम्पसन यांनी १९३३ च्या ‘कल्चर अँड एन्व्हायर्न्मेंट’ या पुस्तकात केले. ‘चिकित्सक जाणिवेचे प्रशिक्षण’ हे त्याचे उपशीर्षकातच नमूद केलेले उद्दिष्ट होते. पुस्तकाच्या उत्तरभागात जाहिराती, वृत्तपत्रीय गद्य आणि लोकप्रिय लेखन यांवर आधारलेले अनेक स्वाध्याय आहेत. जाहिरात कोणत्या भावनेला आवाहन करते, ती वाचकाला कोणत्या वर्गाचा, कोणत्या आकांक्षेचा मानते, तिच्या भाषेत कोणती लबाडी आहे, अशा स्वरूपाचे हे प्रश्न होते. कवितेसाठी घडवलेले सूक्ष्म वाचनाचे साधन येथे प्रथमच बाजारातील मजकुरावर शालेय पातळीवर पद्धतशीरपणे चालवले गेले.

या प्रयोगाचे धाडस आज सहज नजरेआड होते. साहित्याच्या तासाला साबणाची किंवा तंबाखूची जाहिरात वाचणे, ही गोष्ट त्या काळी मुळीच स्वाभाविक नव्हती. तथापि या वाचनाच्या दोन मर्यादा होत्या. लक्ष मुख्यतः जाहिरातीच्या शब्दांवर होते. तिचे दृश्य अंग, म्हणजे चित्राची मांडणी, चेहऱ्याचा कोन, अक्षरांचा आकार, हे या चिकित्सेच्या कडेलाच राहिले. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत होती. जाहिरात निंद्य आहे, हा निष्कर्ष स्वाध्यायापूर्वीच निश्चित झालेला होता आणि त्यामागे एका हरपलेल्या एकसंध ग्रामसमाजाचे चित्र उभे होते. जॉर्ज स्टर्ट यांच्या चाके घडवणाऱ्या कारागिरांवरील १९२३ च्या पुस्तकाचा आधार त्यासाठी घेतला गेला. ज्या समाजाची आठवण काढली जाते तो प्रत्येक पिढीच्या दृष्टीने नुकताच नाहीसा झालेला असतो, या विरोधाभासावर रेमंड विल्यम्स यांनी १९५८ च्या ‘कल्चर अँड सोसायटी’त नेमके बोट ठेवले. पुढे या पद्धतीला ‘लस टोचणे’ हे रूपक चिकटले. रोगाची अल्प मात्रा देऊन रोगापासून बचाव करावयाचा, हा त्याचा अर्थ.

१९४४ च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना खुले झाले आणि १९४७ मध्ये शाळा सोडण्याचे किमान वय पंधरावर आले. लीविस-थॉम्पसन यांच्यासमोर प्रामुख्याने निवडक शाळांतील वरच्या वर्गांचा विद्यार्थी होता. आता सेकंडरी मॉडर्न आणि नव्या सर्वसमावेशक शाळांतून कामगारवस्तीतील मुले समोर बसली. ज्यांच्या घरी लोकप्रिय वृत्तपत्र आणि चित्रपट हेच सांस्कृतिक जीवन होते, त्यांना त्यांच्याच जीवनाविरुद्ध लस टोचणे शिक्षकांना अवघड वाटू लागले. दक्षिण लंडनमधील वॉलवर्थ शाळेत शिकवलेल्या सायमन क्लेमेंट्स, जॉन डिक्सन आणि लेस्ली स्ट्रॅटा यांनी १९६३ मध्ये ‘रिफ्लेक्शन्स’ हे चौदा ते अठरा वयोगटासाठीचे पाठ्यपुस्तक सिद्ध केले. साहित्यातील उतारे त्यात कालक्रमाने किंवा वाङ्मयप्रकारानुसार लावलेले नव्हते. जीवनातील विषयांभोवती त्यांची गुंफण होती आणि त्यांच्या जोडीला छायाचित्रे होती. विद्यार्थ्याने चित्र पाहावे, उतारा वाचावा, त्यावर बोलावे आणि स्वतःच्या अनुभवातून लिहावे, अशी ही रीत होती. १९६६ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ येथे झालेल्या चर्चासत्रानंतर डिक्सन यांनी ‘ग्रोथ थ्रू इंग्लिश’ हे १९६७ चे पुस्तक लिहिले आणि या दृष्टीला ‘वाढ’ या संकल्पनेचा तात्त्विक पाया दिला.

या वळणाने विद्यार्थ्याचा अनुभव वर्गात प्रतिष्ठित केला, हे त्याचे ऋण मोठे आहे. छायाचित्राला मात्र त्याने पारदर्शक मानले. गल्लीत खेळणाऱ्या मुलांचे छायाचित्र पाहून विद्यार्थी गल्लीविषयी लिहीत असे. छायाचित्रकार कोठे उभा होता, त्याने चौकटीबाहेर काय ठेवले, हे प्रश्न सहसा उपस्थित होत नसत. ज्या वर्गात कवितेतील एकेका विशेषणाची छाननी होत होती, त्याच वर्गात चित्र ही अनुभवाकडे उघडणारी खिडकी समजली जात होती. चित्राचा मान वाढला. त्याचे वाचन मात्र पुढे सरकले नाही.

त्याच सुमारास दुसरीकडून एक निराळी मांडणी पुढे आली. १९६० मध्ये राष्ट्रीय शिक्षक संघटनेने लोकप्रिय संस्कृतीवर परिषद घेतली आणि १९६३ च्या न्यूसम अहवालाने चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्या अभ्यासाला शाळेत स्थान असावे, असे सुचवले. स्टुअर्ट हॉल आणि पॅडी व्हॅनेल या दोघांनाही शाळेत शिकवण्याचा अनुभव होता. व्हॅनेल तेव्हा ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या शिक्षणविभागाचे काम पाहत होते. त्यांच्या १९६४ च्या ‘द पॉप्युलर आर्ट्‌स’ या ग्रंथात वर्गात राबवता येतील अशा प्रकल्पांचाही समावेश आहे. अभिजात आणि लोकप्रिय यांच्यामध्ये भिंत न घालता लोकप्रिय कलांच्या अंतर्गतच चांगले-वाईट पारखावे, हे त्यांचे प्रतिपादन होते. अभिरुचीचा विवेक त्यांनी सोडला नाही, त्याचे क्षेत्र मात्र बदलले. पुढे बर्मिंगहॅम येथील समकालीन संस्कृती अभ्यासकेंद्राचे नेतृत्व करणाऱ्या हॉल यांच्या विचाराची एक मुळी अशा रीतीने शाळेच्या फळ्यापाशी सापडते, ही गोष्ट संस्कृती-अभ्यासाच्या विद्यापीठीय इतिहासात अनेकदा गौण मानली जाते.

चित्राला संहिता म्हणून वाचण्याची परिभाषा मात्र फ्रान्समधून आली. रोलाँ बार्त यांनी १९६४ च्या निबंधात पांझानी या खाद्यपदार्थांच्या जाहिरातीचे विश्लेषण करताना चित्राचा वाच्यार्थ आणि सूचितार्थ वेगळे केले; चित्राच्या अनेकार्थतेला सोबतचे शब्द नांगरासारखे एका जागी बांधून ठेवतात, असेही त्यांनी दाखवले. ध्वनिसिद्धान्ताशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला येथे व्यंजनेची आठवण होणे साहजिक आहे. तथापि आनंदवर्धनाच्या दृष्टीने प्रधानपणे व्यक्त होणारा व्यंग्यार्थ हा काव्याचा उत्कर्ष आहे, तर बार्त यांच्या दृष्टीने सूचितार्थ ही विचारप्रणालीने लपण्यासाठी निवडलेली जागा आहे. एक आस्वादाकडे नेतो, दुसरा संशयाकडे. आणि शिक्षकाने या दोहोंपैकी काय शिकवावे, हाच पुढील काळातील कळीचा प्रश्न ठरला.

इंग्लंडमध्ये हा विचार सर्वसामान्यांपर्यंत नेला तो जॉन बर्जर यांच्या १९७२ मधील ‘वेज ऑफ सीइंग’ या चार भागांच्या बीबीसी मालिकेने आणि त्यावरील पुस्तकाने. पुस्तकातील सात निबंधांपैकी तीन केवळ चित्रांचे आहेत. त्यातील एक युक्ती तर जणू वर्गासाठीच योजलेली वाटते. वाचकाला आधी व्हॅन गॉगचे शेतावर उडणाऱ्या पक्ष्यांचे चित्र दाखवले जाते. पान उलटल्यावर तेच चित्र पुन्हा येते, पण आता त्याखाली हे चित्रकाराच्या आत्महत्येपूर्वीचे अखेरचे चित्र असल्याची ओळ असते. चित्रातील एक रेषाही बदललेली नसते, तरी पाहणाऱ्याला ते बदललेले दिसते. हे चित्र त्याचे अखेरचे नव्हते, असे कलेतिहासकार आज मानतात. त्यामुळे युक्तीचे बळ घटत नाही, उलट वाढते. चुकीची चित्रओळदेखील तितक्याच समर्थपणे अर्थ बांधते.

लेन मास्टरमन यांच्या १९८० आणि १९८५ च्या पुस्तकांनी या प्रवाहाला माध्यमिक शाळेसाठी सुसूत्र शिक्षणपद्धतीचे रूप दिले. लस टोचण्याची आणि अभिरुची घडवण्याची दोन्ही उद्दिष्टे त्यांनी बाजूला ठेवली. माध्यमे वास्तव दाखवत नाहीत, ते रचून पुढे ठेवतात, हे ओळखणारी चिकित्सक स्वायत्तता विद्यार्थ्यात यावी, हे उद्दिष्ट मांडले. परंतु याच टप्प्यावर पूर्वोक्त सातत्य उघड होते. डेव्हिड बकिंगहॅम यांनी १९८६ मध्ये ‘स्क्रीन’ नियतकालिकातील प्रतिवादात आक्षेप घेतला, की येथेही शिक्षक सत्य जाणणारा आणि विद्यार्थी भ्रमात असलेलाच राहतो. इयन हंटर यांनी १९८८ मध्ये साहित्यशिक्षणाच्या उदयाचा मागोवा घेताना दाखवले, की विद्यार्थ्याला मोकळेपणाने प्रतिसाद देऊ द्यावा आणि मग त्या प्रतिसादालाच सुधारणेचा विषय करावे, हे इंग्रजीच्या वर्गाचे मूळ तंत्र आहे. या प्रकाशात पाहिले असता १९३३ चा जाहिरातीवरील प्रश्न आणि चिन्हमीमांसेने सज्ज झालेला नंतरचा प्रश्न यांच्यातील अंतर बरेच कमी होते. निषेधाची भाषा बदलली. विद्यार्थ्याला ज्यात आनंद वाटतो त्याविषयीचे उत्तर प्रश्नकर्त्यापाशी आधीच तयार असणे, हे बदलले नाही.

सातत्य खंडित झाले ते एका साध्या वर्गकृतीत. शिक्षकांच्या केंद्रांतून आणि शाळांतून १९७० नंतर काही स्वाध्याय रूढ झाले. एकच छायाचित्र दोन प्रकारे कापावयाचे. त्याच चित्राला दोन विरोधी वृत्तपत्रांसाठी दोन चित्रओळी लिहावयाच्या. सुटी छायाचित्रे देऊन त्यांतून कथेचा क्रम लावावयाचा. यात विद्यार्थी निवाडा करणारा राहिला नाही, अर्थ घडवणारा झाला आणि आपण केलेल्या निवडीचे समर्थन त्याला वर्गापुढे करावे लागले. उत्तर शिक्षकाला आधी ठाऊक नव्हते. चौकट दोन बोटे सरकवली की माणसाचा अपराधी होतो, हे व्याख्यानातून पटवण्याची गरजच उरली नाही.

महत्त्वाची गोष्ट अशी, की याच जातीची हाताळणी कवितेच्या तासालाही शिरली. लुन्झर आणि गार्डनर यांच्या १९७९ च्या वाचनविषयक प्रकल्पातून प्रसृत झालेल्या कृतींमध्ये उताऱ्याचे विस्कळीत तुकडे जुळवणे, गाळलेले शब्द भरणे, पुढील भागाचे भाकीत करणे यांचा समावेश होता. इंग्रजीच्या शिक्षकांनी त्या कवितेला लावल्या. कडव्यांचे तुकडे जुळवताना मुले यमक, काळ, सर्वनाम आणि विरामचिन्हे यांवर वाद घालतात. एका गाळलेल्या विशेषणासाठी चार पर्याय सुचवतात आणि कवीची निवड पाहून क्वचित नाराजही होतात. रिचर्ड्स यांनी कवीचे नाव काढून घेतले होते. या कृतींनी काही काळापुरती कवितेची अंतिमता काढून घेतली. साहित्याने चित्राला सूक्ष्म वाचन दिले होते. चित्राच्या वर्गात रुळलेली निवडीची जाणीव आता साहित्याच्या कामी आली.

या इतिहासाचा महाराष्ट्राशी थेट वारशाचा संबंध नाही, परंतु त्याच्या उजेडात येथील एक व्यवस्था निराळी दिसू लागते. २०१८ च्या दहावीच्या मराठीच्या नव्या आराखड्यात प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. तीत काव्यपंक्तींचे रसग्रहण कवितेच्या विभागात आले, तर जाहिरातलेखन उपयोजित लेखनात, पत्र आणि बातमीच्या पंक्तीत बसले. लीविस-थॉम्पसन यांचा विद्यार्थी जाहिरात वाचत होता आणि तिला नाकारत होता. येथील विद्यार्थी ती लिहितो आणि आकर्षक लिहिल्याचे गुण मिळवतो. घडवण्याची कृती येथे आहे, हे स्वागतार्ह आहे. परंतु तिच्या पाठोपाठ निवडीचे समर्थन मागितले नाही, तर ती केवळ कौशल्य राहते. आणि रसग्रहणाच्या पाठोपाठ घडवण्याचा अनुभव नसेल, तर तेही ठरीव वाक्यांचे पाठांतर होते. एकाच कृतिपत्रिकेत दोन्ही अर्धे असूनही ते एकमेकांना भेटत नाहीत.

इंग्लंडमधील या अर्धशतकाचे तात्पर्य कोणत्याही एका सिद्धान्ताच्या विजयात शोधणे व्यर्थ आहे. अभिरुचीवादी, अनुभववादी आणि चिन्हमीमांसक या तिघांनीही चित्र वर्गात आणले आणि तिघांच्याही हातून ते काही प्रमाणात निसटले. हाती राहिली ती एक कसोटी : विद्यार्थ्याच्या उत्तराने प्रश्नकर्त्याला आपला प्रश्न पुन्हा तपासावा लागेल, अशी जागा स्वाध्यायात आहे की नाही. ज्या वर्गात ती जागा आहे तेथे जाहिरातीचे वाचन आणि कवितेचे वाचन हे एकाच साक्षरतेचे दोन प्रसंग होतात. जेथे ती नाही तेथे चित्रे कितीही आणली, तरी वाचन शिक्षकाचेच राहते.