धाकट्याच्या घरी थोरला : हेडफोन आणि स्पीकरचा ॲम्प्लिफायर

मौन वाचनाने ग्रंथ आणि वाचक यांचे नाते कसे बदलले, याची चर्चा साहित्याच्या वर्गांत नेहमी होते. एकांतातील श्रवणाची मात्र क्वचितच. आपल्याकडे ‘श्रोते’ हा शब्द बहुधा अनेकवचनीच वापरला जातो, हेही त्याचे एक कारण असावे. एकट्याने ऐकण्याच्या इतिहासातील एक लहानसा दुवा आम्हांला येथे पाहावयाचा आहे. उंची हेडफोन स्पीकरसाठी बांधलेल्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरवर चालविण्याची प्रथा हा तो दुवा. विषय वरकरणी तांत्रिक आहे. परंतु एकट्या श्रोत्याला या यंत्रसंस्कृतीत कोणते स्थान मिळाले, हे त्यावरून चांगले कळते.

प्रथम वयाचा हिशेब पाहू. हेडफोन हा स्पीकरचा धाकटा भाऊ नव्हे, थोरला. युटा राज्यातील नॅथॅनिएल बाल्डविन यांनी आपले हेडफोन अमेरिकी आरमाराकडे पाठविले ते १९१० मध्ये. आजच्या धर्तीचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडला तो १९२५ मध्ये. मधल्या काळात स्फटिकाच्या रेडिओवर ऐकणाऱ्याला ॲम्प्लिफायर लागतच नसे. आकाशतारेने पकडलेली क्षीण ऊर्जाच कानाशी धरलेल्या पडद्याला हलवी. पुढे स्पीकर घरात आला, त्याच्यासाठी शक्तिमान ॲम्प्लिफायर आले, कुटुंब भोवती बसू लागले आणि थोरला भाऊ अडगळीत गेला.

तो परतला स्टिरिओच्या काळात. मिलवॉकी येथील जॉन कॉस यांचा मूळ व्यवसाय रुग्णालयांतील रुग्णांना दूरचित्रवाणी संच भाड्याने देण्याचा. १९५८ मध्ये मार्टिन लँग यांच्यासह त्यांनी एक सुटसुटीत फोनोग्राफ तेथील प्रदर्शनात मांडला. लोकांचे लक्ष फोनोग्राफपेक्षा त्याच्या सोबतच्या हेडफोनकडेच अधिक गेले. हे हेडफोन म्हणजे प्लास्टिकच्या वाट्यांत बसविलेले दोन लहान स्पीकर होते. परंतु त्या वेळच्या बहुतेक ॲम्प्लिफायरांना हेडफोन जोडण्याची सोयच नव्हती. म्हणून स्पीकरच्या तारा जेथे बसतात तेथे एक लहान पेटी जोडावी आणि तिच्यातून कानापर्यंत संगीत न्यावे, असा मार्ग निघाला. थोरला भाऊ धाकट्याच्या घरी आश्रित म्हणून राहू लागला, तो असा.

या आश्रयाची अडचण शक्तीच्या टंचाईची नव्हती, सुकाळाची होती. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट देणारा ॲम्प्लिफायर घेतला, तर त्याच्या टोकांशी सुमारे २८ व्होल्टचा दाब निर्माण होतो. तेथे ३२ ओहमचा हेडफोन सरळ जोडला, तर पूर्ण जोरात त्याच्या वाट्याला २५ वॉट येतील. सामान्य हेडफोनला मोठा आवाज काढण्यास वॉटचा हजारावा भाग पुरतो. हेडफोनची तार जळेल हे तर खरेच, पण त्याआधी कानाचे जे होईल ते भरून निघणारे नाही. शिवाय खोलीत दोन-तीन मीटरवरून ऐकू न येणारी ॲम्प्लिफायरची सुरसुर कानाला लागून बसलेला हेडफोन स्पष्ट ऐकवितो. निर्वाताच्या नळ्यांचा ॲम्प्लिफायर असेल तर आणखी एक पथ्य असे. त्याच्या टोकांशी योग्य भार नसेल, तर आतील ट्रान्सफॉर्मर जाण्याचा धोका असतो.

कारखानदारांनी तोडगा काढला तो काटकसरीचा. स्पीकरच्याच मार्गात काहीशे ओहमचा रोधक घालायचा आणि उरलेला थेंब दर्शनी भागावरील भोकातून हेडफोनला द्यायचा. (ते पाव इंची भोक टेलिफोन केंद्रातून आलेले आहे, हीदेखील एक उसनवारीच.) १९६८ च्या सेनहायझर एचडी ४१४ चा रोध २००० ओहम होता, त्यामुळे त्याला या रोधकाचे फारसे काही वाटत नसे. कमी रोधाच्या हेडफोनांचे मात्र हाल झाले. त्यांचा रोध स्वरागणिक बदलत असेल, तर खर्ज फुगतो आणि ढिला पडतो. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने हेडफोनच्या उगमासाठी १२० ओहमचा आकडा सुचविला. आमच्या मते तो सोयीचा करार होता, श्रवणाचा विचार त्यात दुय्यम राहिला.

विद्युत्स्थितिक हेडफोनांचे गणित उलटे. जपानच्या स्टॅक्सने १९६० मध्ये असा हेडफोन विक्रीस आणला. त्याच्या तलम पडद्याला प्रवाह जवळजवळ नको असतो. हवा असतो तो शेकडो व्होल्टचा दाब. तेव्हा स्टॅक्सच्या जोडपेट्या स्पीकरच्या टोकांकडून संकेत घेत आणि ट्रान्सफॉर्मरने त्याचा दाब वाढवीत. येथे मोठ्या ॲम्प्लिफायरची शक्ती वाया जात नव्हती, तिचे रूपांतर होत होते. ही मांडणी आम्हांला सर्वांत समंजस वाटते.

ज्याला ती शक्ती जशीच्या तशी हवी होती, असा हेडफोन १९९० च्या सुमारास व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीने काढला. के १००० याच्या वाट्या कानाला टेकतच नसत. दारांसारख्या बाजूला उघडत. रोध १२० ओहम, आणि १ मिलिवॉटला आवाज अवघा ७४ डेसिबल. नेहमीच्या भोकाचा येथे उपयोग नव्हता, म्हणून त्याची तार थेट स्पीकरच्या टोकांना जोडावयाची होती. डाव्या-उजव्या बाजूंच्या परतीच्या तारा त्यात वेगळ्या ठेवलेल्या होत्या. नेहमीचे प्लग त्या एकत्र आणतात आणि काही ॲम्प्लिफायरांत एवढ्याने यंत्र निकामी होऊ शकते.

२०१० मध्ये हायफायमॅनचा एचई-६ आला. ५० ओहम, १ मिलिवॉटला सुमारे ८३.५ डेसिबल. हेडफोनसाठी म्हणून बांधलेले अनेक ॲम्प्लिफायर त्याच्यापुढे थकले आणि शौकिनांनी पुन्हा जुने स्टिरिओ ॲम्प्लिफायर बाहेर काढले. मोठ्या वॉटांचा अभिमान त्यात नव्हता असे नाही. पण वरचे आकडे मांडून पाहिले, तर ११० डेसिबलपर्यंत जाण्यासाठीही या हेडफोनला अर्ध्या वॉटहून कमीच लागते. कंपनीने त्याच्यासाठी एक पेटीही विकली. ती स्पीकरच्या टोकांना जोडायची असे, आणि तिच्यात रोधक होते.