जलशुद्धीकरण व वाहितमल संस्करण : कर्मचारी-प्रशिक्षण, सोलापूर

पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या आणि शहरातील वाहितमलावर (सांडपाणी व मैलापाणी यांच्या मिश्रणावर) संस्करण करणाऱ्या केंद्रांत यंत्रचालक, गाळणी-परिचर, प्रयोगशाळा साहाय्यक, जोडारी (फिटर), झडपा उघडणारा व मिटणारा चावीवाला इ. नात्यांनी काम करणाऱ्यांना द्यावयाचे शिक्षण. सोलापूर शहराच्या सार्वजनिक पाणीपुरवठ्याला शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. तथापि तो चालविणाऱ्यांच्या रीतसर शिक्षणाची व्यवस्था त्या मानाने अलीकडची व तुटक आहे. यंत्रे आधी आणि ती चालविण्याचे शिक्षण घेतलेला माणूस नंतर, हा क्रम जगात बहुतेक ठिकाणी आढळतो. सोलापुरात मात्र कमी पाऊस, दूरचे जलस्रोत व खंडित पुरवठा यांमुळे त्यातील अडचणी विशेष जाणवतात.

पार्श्वभूमी : लंडन येथे जेम्स सिंप्सन यांनी १८२९ मध्ये मंद वालुका गाळणीचा यशस्वी वापर केला. १८९२ च्या पटकीच्या साथीत हँबुर्ग शहरात आठ हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्याला लागूनच असलेले आल्टोना हे शहर एल्ब नदीच्या खालच्या अंगाचे, म्हणजे अधिक दूषित, पाणी वापरीत असूनही ते गाळून घेत असल्यामुळे पुष्कळसे बचावले. मंद गाळणीवरील काम मुख्यतः अंगमेहनतीचे होते. वाळूचा मळलेला वरचा थर खरवडून काढणे हे त्यातील प्रमुख काम. पुढे तुरटीचा वापर करणाऱ्या जलद गाळण्या आल्या आणि अमेरिकेतील जर्सी सिटी येथे १९०८ मध्ये पाण्याचे अखंड क्लोरिनीकरण सुरू झाले. तेव्हापासून केंद्रावरील कामगाराला पाणी पाहून रसायनाची मात्रा ठरविण्याचा निर्णय घ्यावा लागू लागला. याच न्यू जर्सी राज्याने १९१८ मध्ये जलशुद्धीकरण केंद्राच्या चालकांना परवाना सक्तीचा केला.

सोलापूरचा पाणीपुरवठा : सोलापूर नगरपालिकेची स्थापना १८५२ मध्ये झाली. शहराच्या ईशान्येस अदिला नदीवर बांधलेला एकरूख (हिप्परगा) तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. तो मूलतः सिंचनासाठी होता. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपूर्वीच त्यातील पाणी शहराला मिळू लागले. १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी निघाल्यावर कामगारवस्ती वाढली व पाण्याची गरजही वाढत गेली. १९६४ मध्ये सोलापूर महानगरपालिका अस्तित्वात आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भीमा नदीवरील टाकळी येथून पाणी उचलून ते सोरेगाव येथे शुद्ध करण्याची योजना झाली. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर, शतकाच्या अखेरीस, थेट धरणातून नळमार्गाने पाणी आणून ते पाकणी येथे शुद्ध केले जाऊ लागले. तलावाच्या पाण्याचे शुद्धीकरण भवानी पेठेतील केंद्रात होते.

एकाच शहराला तलाव, नदी व धरण असे तीन प्रकारचे पाणी मिळत असल्याने एका केंद्रावरील अनुभव दुसऱ्या केंद्रावर जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. साठलेल्या पाण्यात उन्हाळ्यात शैवल वाढून वास येतो व गाळण्या लवकर तुंबतात. नदीचे पाणी पावसाळ्यात काही तासांतच गढूळ होते. शिवाय टाकळीपर्यंत येणारी भीमा पंढरपूरवरून वाहत येते. वारीच्या काळात लाखो यात्रेकरू तिच्या काठी जमत असल्यामुळे खालच्या अंगाच्या केंद्रावरील दक्षतेला वेगळे महत्त्व आहे.

उमेदवारीची पद्धत : प्रारंभीच्या काळात या कामाचे शिक्षण जुन्या कामगाराच्या हाताखाली राहूनच मिळत असे. नवा माणूस प्रथम मदतनीस म्हणून लागे, पंपाचा आवाज ओळखण्यास शिके व पुढे गाळणी धुण्याचे काम स्वीकारी. या पद्धतीत स्थानिक अनुभव जतन होत असे, हा तिचा मोठा गुण होय. परंतु कारण न समजता केवळ कृती शिकलेला कामगार नेहमीची परिस्थिती बदलली की अडचणीत येतो, ही तिची उणीव होती.

तुरटीची मात्रा हे याचे उत्तम उदाहरण आहे. तुरटीमुळे पाण्यातील सूक्ष्म कण साकळून त्यांचे जड पुंजके बनतात व ते निवळण टाकीत तळाशी बसतात. मात्रा कमी पडल्यास गढूळपणा गाळणीपलीकडे जातो आणि कणांच्या आड दडलेल्या जंतूंवर क्लोरिनाचा पुरेसा परिणाम होत नाही. ती जास्त झाल्यास पाण्याची अम्लता वाढते व ॲल्युमिनियमाचा अंश पाण्यात उरतो. योग्य मात्रा ठरविण्यासाठी पाच-सहा चंचुपात्रांत एकच पाणी घेऊन त्यांत तुरटीच्या निरनिराळ्या मात्रा घालतात; ते प्रथम वेगाने व नंतर सावकाश ढवळून कोणत्या पात्रातील पाणी उत्तम निवळते ते पाहतात. जुना कामगार ही मात्रा नजरेने ठरवी आणि ती बहुधा बरोबरही असे. पण त्याची नजर त्याच्याबरोबरच निवृत्त होई. चाचणीची नोंद मात्र पुढील पाळीतील कामगाराला व पुढील पिढीलाही उपयोगी पडते.

दिल्लीचा धडा : कर्मचाऱ्याच्या निर्णयावर किती जीव अवलंबून असतात, हे दिल्लीतील घटनेने दाखवून दिले. १९५५ च्या अखेरीस यमुनेच्या पुरानंतर नजफगढ नाल्यातील मैलापाणी वझीराबाद जलकेंद्राच्या उपशापर्यंत पोहोचले. केंद्रावरील कर्मचाऱ्यांनी पाण्यातील बदल ओळखून तुरटी व क्लोरीन यांच्या मात्रा वाढविल्या. त्यामुळे विषमज्वर, आमांश यांसारख्या जंतुजन्य रोगांची साथ उद्‌भवली नाही. परंतु डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ या काळात काविळीचे सु. २९,००० रुग्ण आढळले. हा रोग नंतर ‘यकृतशोथ ई’ म्हणून ओळखला गेला. दक्ष कर्मचारी काय साधू शकतो आणि केवळ दक्षता कोठे अपुरी पडते, या दोन्ही गोष्टी या साथीने स्पष्ट केल्या.

प्रशिक्षणसंस्था : कलकत्ता येथे १९३२ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था आणि नागपूर येथे १९५८ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था (१९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, ‘नीरी’) यांनी या विषयाचा शास्त्रीय पाया घातला. मुंबईत १९२६ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वच्छता निरीक्षकांच्या शिक्षणाचे कार्य केले. महाराष्ट्रात १९७६ च्या अधिनियमान्वये पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ निर्माण झाले. त्याचेच १९९७ मध्ये महाराष्ट्र जीवन प्राधिकरण असे नामांतर झाले. प्राधिकरणाची प्रशिक्षण व संशोधन प्रबोधिनी (‘मित्रा’) नाशिक येथे आहे. सोलापुरात १९८३ मध्ये वालचंद तंत्रशास्त्र संस्था निघाली व स्थापत्य अभियंते शहरातच तयार होऊ लागले. जोडारी, वीजतंत्री इ. कारागीर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून, तसेच १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली शिकून येतात.

या व्यवस्थेत एक पोकळी राहिली. अभियंत्याला पदवी व कारागिराला प्रमाणपत्र मिळते. पण रात्रपाळीत प्रत्यक्ष क्लोरीन सोडणाऱ्याला जलरसायन, जंतुशास्त्र व यंत्रविद्या या तिन्हींचा थोडाथोडा परिचय एकत्रित हवा असतो. हा परिचय त्याला बहुधा अल्पमुदतीच्या वर्गांतूनच मिळतो. भारतात जलकेंद्र-चालकासाठी देशव्यापी सक्तीचा परवाना नाही.

वाहितमल संस्करण : मँचेस्टर येथे १९१४ मध्ये आर्डर्न व लॉकेट यांनी सक्रियित गाळ पद्धत प्रसिद्ध केली. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. त्यामुळे या विषयाच्या अध्ययनास भारतात लवकर सुरुवात झाली. प्रत्यक्ष संस्करण केंद्रे मात्र बहुतेक शहरांत फार उशिरा उभी राहिली. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियमामुळे त्यांना कायद्याचा आधार मिळाला. सोलापुरात देगाव, कुमठे व प्रतापनगर येथे अशी केंद्रे आहेत. शहराच्या परिसरातील प्रवाह सीना नदीकडे जातात आणि सीना पुढे हत्तरसंग-कुडल येथे भीमेस मिळते. म्हणून या केंद्रांतील चुकीची झळ नदीकाठच्या खालच्या गावांना पोहोचते.

या केंद्रातील मुख्य कार्य सूक्ष्मजंतू करतात. हवा पुरविणारी यंत्रे दीर्घकाळ बंद राहिल्यास ते मरतात; चादरी व टॉवेल यांच्या रंगकामातून निघणारे रंगीत, क्षारयुक्त पाणी एकाएकी आल्यासही त्यांना अपाय होतो. गाळाचा तपकिरी रंग व मातीसारखा वास ही निरोगी स्थितीची, तर काळा रंग व कुजक्या अंड्यासारखा वास ही प्राणवायू अपुरा पडल्याची चिन्हे होत. एक लिटरच्या नळकांड्यात अर्ध्या तासात किती गाळ बसतो, ही साधी चाचणीही पुष्कळ माहिती देते. वीजपुरवठा खंडित झाल्यास प्रथम काय करावे, हे चालकाला आधीच शिकविलेले असावे लागते.

कामगारांची सुरक्षितता : क्लोरीन हवेपेक्षा सु. अडीचपट जड असल्याने गळतीच्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उंच जागी जावे लागते. गळतीची जागा अमोनियात भिजविलेल्या फडक्याने शोधतात, कारण तेथे पांढरा धूर उमटतो. गटारातील हायड्रोजन सल्फाइड वायू अधिक प्रमाणात असल्यास घ्राणशक्तीच बधिर करतो; वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असे समजून अनेकांनी प्राण गमावले आहेत. पहिल्या माणसाला वाचविण्यासाठी उतरलेला दुसराही दगावतो, असे वारंवार घडले आहे. मैला व गटारे यांचे काम भारतात काही जातींवर पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले आणि त्याला शिकण्यासारखे कौशल्य मानले गेले नाही. १९९३ व २०१३ च्या अधिनियमांनी हाताने मैला साफ करण्यावर बंदी घातली. गटारात मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख करण्यात आली. भरपाई मृत्यूनंतरची असते. वायुमापक, श्वसनसाधने व ती वापरण्याचा सराव ही त्याआधीची गरज होय.

खंडित पुरवठा व ग्रामीण भाग : सोलापुरात दररोज पाणी न येता काही दिवसांच्या अंतराने येत आले आहे. नळ रिकामे असताना त्यांच्या फटींतून बाहेरचे घाण पाणी आत शिरू शकते. त्यामुळे केंद्रातून शुद्ध निघालेले पाणी घरी पोहोचेपर्यंत दूषित होण्याचा संभव असतो. म्हणूनच चावीवाल्याचे काम केवळ झडप फिरविण्याचे राहत नाही. गल्लीच्या टोकाला उरलेले क्लोरीन तपासणे, पहिले गढूळ पाणी वाहू देणे व गळती कळविणे हेही त्याने शिकावे लागते. भारतीय मानकानुसार क्लोरिनीकरण केलेल्या पाण्यात नळाशी दर लिटरला किमान ०.२ मिग्रॅ. मुक्त क्लोरीन असावे लागते. जिल्ह्यातील खेड्यांत विरंजक चूर्ण टाकण्याचे व पाण्याचे नमुने घेण्याचे काम ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनाखाली गावातील तरुणांना नळजोडणी, पंप व वीजकाम यांचे शिक्षण देण्याची ‘नल जल मित्र’ ही योजना आखण्यात आली.

शहरांतील केंद्रे आता स्वयंचलित होत आहेत. मापकयंत्रे गढूळपणा व क्लोरीन अखंड दाखवितात. मात्र मापकाने दाखविलेला आकडा खरा की मापकच बिघडलेला, हे ठरविण्यास पाणी जाणणारा माणूस लागतो. त्यामुळे जुन्या कामगारांचा स्थानिक अनुभव लिखित स्वरूपात जतन करणे व त्याला शास्त्रीय शिक्षणाची जोड देणे, हे या क्षेत्रातील प्रशिक्षणाचे मुख्य कार्य ठरते.