जिथवर बोट पोचत होतं

लॅमिंग्टन रोडच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक मात्र अजून १९०७ मध्ये मुंबई सोडून गेलेल्या त्या गव्हर्नराच्याच नावाने विचारत येतं. मिनर्व्हात ‘शोले’ वर्षानुवर्षं चालला तो हाच रस्ता. आसपास रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं होती आणि कॉम्प्युटरचा बाजार उभा राहिला तो त्यांच्याच काउंटरवर. मी आयटीआय करून इथे लागलो तेव्हा डॉसचा जमाना होता.

तेव्हाचा बिघाड पडद्यावर वाचता यायचा. आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए आणलं आणि आमच्याकडे येणारी बहुतेक ग्राफिक कार्डं त्याचीच नक्कल. काहींवर मेमरीच्या चिपा सॉकेटमध्ये नुसत्या खोचलेल्या असत. मशीन दिवसा तापायचं, रात्री निवायचं. तेवढ्यानेच चिप केसभर वर सरकायची. मग पडद्यावर जे उमटे त्याला गिऱ्हाईक बिनदिक्कत ‘व्हायरस’ म्हणे.

आमचे उस्ताद स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी पडदा बघत बसायचे. मजकुराच्या मोडमध्ये व्हीजीएच्या मेमरीचे थर वाटून दिलेले असतात: एकात अक्षराचा क्रमांक, दुसऱ्यात रंग, तिसऱ्यात अक्षराचा आकार. पहिल्या थरातली चार किमतीची लाइन एकावर अडकली, तर डॉसच्या प्रॉम्प्टमधल्या ‘सी’चा क्रमांक ६७चा ७१ होतो आणि ‘जी’ दिसतो. रिकामी जागा हेही कॉम्प्युटरला ३२ क्रमांकाचं अक्षरच. तिचे होतात ३६, आणि ३६ म्हणजे डॉलरचं चिन्ह. अख्खा पडदा डॉलरांनी भरून जायचा! एका गिऱ्हाइकाला तो शकुन वाटला होता, बिल हातात पडेपर्यंत. मजकूर बरोबर पण रंग भलतेच, मधली अक्षरं लुकलुकणारी, तर दुसरा थर. शब्द जागेवर पण प्रत्येक ‘ई’ची दांडी तुटलेली, तर तिसरा. उस्ताद नेमक्या चिपेवर अंगठा दाबायचे, ‘कट्’ असा आवाज यायचा आणि काम संपायचं. त्या आवाजाचे पैसे घ्यायला ते लाजायचे. शेठ लाजत नसत.

पुढे चिपा थेट बोर्डावर सोल्डर होऊन येऊ लागल्या आणि दुखणं सरकलं कार्डाच्या काठावर. १९९७ मध्ये इंटेलचा एजीपी स्लॉट आला. कार्ड नीट बसलेलं दिसायचं, पण पत्र्याचा स्क्रू आवळला की मागचं टोक उचललं जायचं. मशीन एक लांब, दोन आखूड बीप देऊन गप्प. त्यात मुंबईची खारी, दमट हवा. काठावरच्या पट्ट्यांचा सोन्याचा मुलामा इतका पातळ, की त्यावर मळ चढला तरी काँटॅक्ट सुटायचा. औषध होतं शाळेतलं खोडरबर. हलक्या हाताने, एकाच दिशेने. पोरं जोर लावून घासत आणि सोनंच उतरवत.

फुगलेल्या कॅपॅसिटरांची साथ २००० नंतरची. इलेक्ट्रोलाइटचं मिश्रणच सदोष होतं. जगभरातले बोर्ड त्यापायी गेले. गेम सुरू केला की पडदा गोठायचा, कारण कार्डाला खरी वीज तेव्हाच लागते. पण तोही बिघाड डोळ्यांना दिसे आणि वीस-पंचवीस रुपयांच्या मालात सुटे.

मग हात पोचेनासे झाले. ग्राफिक चिपेचे पाय तिच्या पोटाखाली गेले, नुसते सोल्डरचे गोळे. १ जुलै २००६ पासून युरोपने इलेक्ट्रॉनिक मालातल्या शिशावर बंधन घातलं आणि त्याची झळ आमच्या टेबलापर्यंत आली. शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, बिनशिशाचं २१७च्या आसपास. पडद्यावर रंगीत चौकटी दिसल्या की बाजार म्हणू लागला, गोळ्यांना तडा गेलाय, गरम करा. परदेशात लोकांनी कार्डं घरच्या ओव्हनमध्ये भाजली. आमच्याकडे हॉट एअर.

कार्ड जिवंत व्हायचंही. पण पुष्कळदा तडा त्या गोळ्यांत नसायचाच. तो चिपेच्या आत, सिलिकॉन आणि त्याच्या तळपट्टीमधल्या सूक्ष्म सांध्यांत असायचा. उष्णतेने ते सांधे तात्पुरते टेकत आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुटत. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिपांच्या पॅकेजिंगमध्ये कमकुवत सामग्री असल्याचं जाहीर करून १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले, तेव्हा हे उघड झालं. त्यानंतरही रस्त्यावर रिबॉलिंगची, म्हणजे चिपेखालचे गोळे नव्याने बसवण्याची, बिलं फाडली जात होती. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात उतरली. हल्ली पोरं पडद्यावरच्या रेघांचा फोनवर काढलेला फोटो दाखवतात. मी म्हणतो, फोटो नको, स्क्रीनशॉट पाठव. दुसऱ्या मशीनवर त्यात रेघा दिसल्या, तर चित्र तयार होतानाच बिघडतंय. नाही दिसल्या, तर आधी केबल बदल, मॉनिटर बदल. बायोसच्या पडद्यावरही रेघा असतील, तर ड्रायव्हर पुन्हा टाकण्यात संध्याकाळ घालवू नकोस. कार्ड समोर आलं की पंखा बोटाने फिरवून बघतो, थर्मल पॅडमधून तेल पाझरलंय का ते बघतो. पॅड बदलणं सोपं. मेमरीची चिप गेली असेल तर काढून दुसरी बसवतो, पण ग्यारंटी देत नाही आणि ते पैसे घेण्याआधी सांगतो.