तोटीतले चामडे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या अंगणातला नळ गळू लागला. सेकंदाला साधारण एक थेंब. रात्री दहाला खाली बादली ठेवली आणि सकाळी सहाला मापाने मोजली, तर सात लिटरांवर पाणी निघाले. म्हणजे दिवसाकाठी वीसेक लिटर, एक मोठा हंडा. प्लंबर दोन वेळा ‘येतो’ म्हणाला आणि आला नाही, तेव्हा मीच पान्हा हातात घेतला.

नळ स्वतः उघडायला फारसे काही लागत नाही. आधी मागचा कॉक बंद करायचा आणि तोटी सोडून नळीत उरलेले पाणी काढून टाकायचे. मग डोक्याखालच्या षट्कोनी भागाला फडके गुंडाळून पान्ह्याने तो सैल करायचा. आतून स्पिंडल निघतो. त्याच्या टोकाला मधल्या दांडीसकट एक चकती असते आणि चकतीच्या तळाला आपला सुप्रसिद्ध वायसर. (इंग्रजी ‘वॉशर’चे हे मराठी रूप मला मूळ शब्दापेक्षा गोड वाटते.) पाणी तोंडातून ठिबकत असेल तर दोष वायसरचा. मुठीखालून झिरपत असेल तर दोष स्पिंडलभोवतीच्या भरावाचा. भिंतीपाशी ओल असेल तर आटे सोडवून नवी टेप गुंडाळावी लागते. पूर्वी तिथे सफेदा आणि ताग लावत. उन्हातल्या नळाचे रबर लवकर कडक होते. माझ्या नळात ते अगदी सुपारीसारखे झाले होते.

नवा वायसर घातला, तरी थेंब थांबेना. बोट आत घालून पाहिले, तर ज्या पितळी कडेवर वायसर टेकतो तिलाच खाच पडली होती. तेव्हा आठवण झाली ती वाडा पाडताना मी उचलून आणलेल्या जुन्या पितळी तोटीची. ती उघडली. आत रबर नव्हतेच. काळी पडलेली, खापरीसारखी चकती होती. नखाने खरवडली तेव्हा कळले, ते चामडे आहे.

माझ्या आजीने आयुष्यभर देवासाठी नळाचे पाणी वापरले नाही. आडाचे पाणी काढायची, आणि आड बुजवल्यावर शेजारच्या वाड्यातून आणवायची. का, हे विचारले की म्हणायची, “नळात चामडं असतं.” आम्ही हसायचो. आजी बरोबर होती, हे मला पन्नाशी उलटल्यावर एका गंजक्या तोटीने सांगितले.

पण पाण्याला चामड्याचा बूच मुळात लागला कशाला? पेशव्यांच्या पुण्याला तो लागला नव्हता. नानासाहेबांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने पाणी शहरात आले, ते केवळ उताराच्या जोरावर. वाटेत हवा निघून जावी म्हणून उच्छ्वास बांधले होते. पाणी हौदात पडे, हौद भरला की पुढे जाई. ते अखंड वाहणारे पाणी होते, त्याला अडवायचे नव्हते. माणूस हौदाकडे जाई आणि घागर बुडवी.

अडवण्याची गरज आली ती दाबाबरोबर. विलायतेतही आधी पाव वळणाच्या तोट्याच होत्या: भोक असलेला एक शंकू फिरवला की पाणी चालू, पुन्हा फिरवला की बंद. कमी दाबाला त्या पुरत. पण नळांत चोवीस तास जोरात पाणी ठेवायचे ठरले, तेव्हा अशी तोटी एकदम बंद केली की धावते पाणी हातोड्यासारखे आदळे आणि नळ फुटत. त्यावर उतारा म्हणजे आट्यांवर हळूहळू खाली येणारी तोटी. रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळकाम करणाऱ्या कारखान्याने 1845 साली तिचे पेटंट घेतले. धातूवर धातू नीट बसत नाही, मध्ये काही मऊ हवे. थंड पाण्यासाठी सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ मऊ वस्तू होती चामडे. ते पाण्यात फुगते आणि खाचेत भरून बसते.

आपल्याकडे हा नळ मुंबईतून शिरला. 1854च्या टंचाईत बाहेरून पाणी आणण्याची वेळ आली आणि हेन्री कॉनिबेअरच्या योजनेनुसार 1860 साली विहारचे पाणी शहरात आले. पुण्यासाठी 1870च्या दशकात खडकवासल्याचे धरण बांधले गेले. चामड्याचा प्रश्न सर्वांत जाहीरपणे चर्चिला गेला तो मात्र त्याच सुमारास कलकत्त्यात. नळाचे पाणी सनातन्यांना चालते का, यावर तिथे वाद झडले. पाणीपट्टी भरली म्हणजे दोष उरत नाही, अशी एक पळवाटही निघाली. मला ती पळवाट फार आवडते. पैसे दिले की सोवळे शाबूत!

चामड्याच्या पाण्याचा इतका विटाळ मानणाऱ्या याच समाजात विहिरीवर मोट चालत होती. ती आख्खी चामड्याची. तिच्या थारोळ्यात पडलेले पाणी शेतकरी ओंजळीने पीत, आणि त्यावर पिकलेले धान्य सर्व सोवळ्यांत शिजे. तेव्हा अडचण चामड्याची होती यावर माझा पूर्ण विश्वास नाही. माझे मत असे की अडचण मुठीची होती. आडावर कोण येतो ते ठरवता येई. नळकोंडाळ्यावर मात्र एकच मूठ आणि ती सगळ्यांच्या हातात. जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला. तरी 1927 साली महाडला तळ्यापर्यंत चालत जावे लागलेच.

आमच्या बोळातल्या नळाबद्दल मला स्वतःला आठवते ते एवढेच. बायका घागर लावण्याआधी तोटी चिंचेने घासून, तिच्यावर पाणी ओतून घेत. आणि एक बाई रिकामी कळशी घेऊन जरा लांब उभी असे. मूठ ती फिरवीत नसे. कोणीतरी वरून तिच्या कळशीत धार सोडी. हे 1970 नंतरचे आहे. माझी आईसुद्धा धार सोडी आणि नंतर पुन्हा तोटी धुवी. त्या धुतलेल्या मुठीच्या आत एका चांभाराने किंवा ढोराने कमावलेले चामडे बसलेले होते, आणि आख्खा बोळ त्याच्यावरून आलेले पाणी पीत होता.

आता नव्या तोट्यांत सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात आणि त्या पुन्हा पाव वळणातच बंद होतात. प्लास्टिकची तोटी तर कोणी उघडतही नाही, काढतात आणि नवी लावतात. मलाही तसे करता आले असते. पण ती खाच मनातून जाईना. जुनी चकती नमुन्याला घेऊन कोपऱ्यावरच्या चप्पल दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी उलटसुलट करून पाहिली.

“नळाचा वायसर ना हा? माझे वडील शेकड्याने कापून द्यायचे.”

त्यांनी तळव्याच्या कातड्यातून एक चकती कापली, मध्ये भोक पाडले आणि रात्रभर गोड्या तेलात ठेवायला सांगितले. पैसे घेईनात. बळेच दहा रुपये ठेवले.

दुसऱ्या दिवशी बसवली. तासभर थोडे झिरपले, मग चामडे फुगले. रात्री पुन्हा बादली ठेवली. सकाळी तळ कोरडा होता.