मास्तरांचा कान

पेटीच्या क्लासवरून जाताना येणारा गलका आपल्या चांगल्या ओळखीचा असतो. कुणी अलंकार घोटत असतं, कुणी भूपाच्या सरगमीत अडखळत असतं आणि त्या कल्लोळातूनही मास्तर नेमकं हटकतात, 'अरे, भूपात मध्यम कुठून आला?' आठ-दहा मुलांत हे जमतं. मुलं वीस-पंचवीस झाली की मास्तरांचा कान कुठवर पुरणार? पियानोच्या जगात या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात दीडशे वर्षं गेली.

पहिलं धाडसी उत्तर योहान बर्नहार्ड लोजिए यांचं. जन्म जर्मनीतल्या कासेलचा, बस्तान आयर्लंडमध्ये. १८१४ साली त्यांनी 'कायरोप्लास्ट' नावाच्या साधनाचं पेटंट घेतलं. ही पियानोच्या पट्ट्यांसमोर बसवायची चौकट. दोन दांड्यांमध्ये मनगट अडकवायचं आणि पितळी खाचांतून एकेक बोट घालायचं. हात भलतीकडे जायची सोयच नाही! मास्तर दुसऱ्याकडे बघायला मोकळे. मग लोजिए बारा-बारा, कधी त्याहूनही अधिक मुलांना तितक्याच पियानोंवर एकदम वाजवायला लावत. नवशिके साधी धून धरत, तयारीची मुलं तिचाच विस्तार करत. १८१७ मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीच्या मंडळींपुढे या पद्धतीची परीक्षा झाली आणि पुढे बाजूने व विरुद्ध पुस्तिकांची लढाई जुंपली. प्रशियाच्या सरकारने मात्र १८२१ मध्ये खास माणूस पाठवून ती पाहून घेतली. लोजिए बर्लिनला गेले आणि तीन वर्षं तिथे राहून त्यांनी शिक्षक तयार केले.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच होती. चौकट बोटांवर पहारा ठेवी, पण बारा पियानोंच्या गजरात एकाचा चुकलेला सूर सहज दडून जाई.

दुसरं उत्तर विजेने दिलं. अमेरिकेतले पियानो-शिक्षक हॅरल्ड ऱ्होड्स यांनी दुसऱ्या महायुद्धात खाटेवरच्या जखमी सैनिकांसाठी बी-१७ विमानांच्या ॲल्युमिनियम नळ्या वापरून मांडीवर मावेल असा २९ पट्ट्यांचा छोटा पियानो केला होता. पुढे विजेवरचे पियानो आले आणि १९५६ मध्ये इंडियाना राज्यातल्या बॉल स्टेट इथे अशा पियानोंची वर्गशाळा उभी राहिली. प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. वर्ग एकदम शांत!

आता गंमत पाहा. गोंगाट गेला, पण शिक्षकालाही काही ऐकू येईना. म्हणून त्याच्यापुढे कन्सोल आला, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या फळीचा धाकटा भाऊच म्हणा. १९६५ मध्ये ऱ्होड्स यांच्या पियानोंचे विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकासाठी असे वेगळे नमुने निघाले. शिक्षक आपल्या पियानोवरून हव्या त्या विद्यार्थ्याचं वाजवणं एकट्याने ऐकू शके, शिवाय सगळ्यांना साथीचं ध्वनिमुद्रण पाठवू शके. हे नमुने १९७४ पर्यंत बनत होते. कल्पना मात्र टिकली. यामाहा आणि कॉर्ग यांनीही पुढे अशा वर्गयंत्रणा काढल्या.

यंत्र सोपं आहे, वापर अवघड. कान आता एका वेळी एकाकडेच जातो, म्हणजे बाकीचे तेवढा वेळ बेवारस. मन आपोआप चांगलं वाजवणाऱ्याकडे ओढ घेतं. मागच्या कोपऱ्यातला, दोन आठवडे तीच चूक पक्की करत बसलेला मुलगा राहून जातो. त्यासाठी फेरी ठरवून घ्यावी लागते आणि ती हुशार मुलांपासून सुरू करायची नसते. दुसरं म्हणजे बोलण्याची घाई. अचानक कानात आवाज पडला की मूल दचकून थांबतं, मग त्याचं खरं वाजवणं कळत नाही. आधी गुपचूप आठ-दहा मात्रा ऐकाव्यात, मग हळूच नाव घ्यावं.

आणखी एक सोय पुष्कळ कन्सोलांवर असते, दोघांना जोडून देण्याची. वर्गाच्या दोन टोकांची दोन मुलं एकमेकांना ऐकत जोडीनं वाजवतात. मधल्या बाकावरच्या मुलीला त्यातलं काही ऐकू येत नाही. तिला दिसतात फक्त त्यांचे हात.